घाणेरी : खणायची की पेरायची?



जिल्ह्याच्या बैठकीत पाणी, वीज आणि भाव हे नेहमीचे विषय संपले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. घाणेरीच्या मुळांना औषधवाले भाव देतात म्हणे, ते खरे का? कोणी सांगतो, पाल्यापासून तेल निघते. कोणी सांगतो, काढा घेतला की रक्तातली साखर उतरते. एखादा आणखी पुढे जाऊन विचारतो, आमच्या माळावर नाहीतरी दुसरे काही येत नाही, मग घाणेरीचीच लागवड केली तर?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या झुडपाने आपली गायराने गिळली, त्याच झुडपातून चार पैसे सुटणार असतील तर ते कोणाला नको आहेत? पण गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात, आणि फसवा व्यापारी नेमका गरजवंताचेच दार ठोठावतो. म्हणून बैठकीत पाच मिनिटांत उत्तर देण्याऐवजी या वेळचे पान याच विषयाला दिले आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. घाणेरीत औषधी द्रव्ये आहेत, हे प्रयोगशाळांनी दाखवले आहे. घाणेरी हे औषध आहे, हे अजून कोणीही दाखवलेले नाही. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरातच फसवणुकीची दुकाने थाटली जातात. घाणेरी खणून काढताना तिचा उपयोग होत असेल तर जरूर करावा. उपयोग होतो म्हणून ती वाढवणे किंवा पेरणे हा मात्र आत्मघात आहे.

पाहुणी आली आणि घरधनीण झाली

कोणी हिला घाणेरी म्हणते, कोणी टणटणी. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. पान चुरगळले की उग्र दर्प येतो, त्यावरून नाव पडले. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, लाल, गुलाबी फुले येतात आणि शोभेसाठीच तिला या देशात आणले गेले. मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली. पुढे वेगवेगळ्या रंगांच्या जाती येत राहिल्या, बंगल्यांच्या कुंपणाला लागल्या आणि कुंपण ओलांडून रानात गेल्या.

तिचा पसारा का आवरत नाही, हे समजून घेतले पाहिजे. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईचा सगळा ताण बाजूच्या गवतावर पडतो आणि घाणेरीला मोकळे रान मिळते. पिकलेली काळी फळे बुलबुल, साळुंक्या खातात आणि बी झाडांखाली, तारेखाली, बांधावर टाकतात. कोयत्याने वर छाटली की खुंटाला पूर्वीपेक्षा जास्त फुटवे येतात. वणवा लागून गेला तरी खालून पुन्हा कोंब येतो. शिवाय तिच्या पानांत व मुळांत अशी द्रव्ये आहेत, की आसपास दुसऱ्या रोपांची उगवण मंदावते.

तिला आवरण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. हवाई बेटांत १९०२ पासून तिच्यावर किडे सोडण्यात आले. भारतातही १९२१ मध्ये हवाईहून एक माशी आणली गेली. किड्यांनी पाने खाल्ली, फळे पोखरली, पण झुडूप हटले नाही. भारत, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतल्या दोनशे वर्षांच्या लढ्याचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच संशोधकांनी विचारले होते, की ही लढाई आपण हरलो आहोत काय?

२०२० मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वाघांचा वावर असलेल्या जंगलांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात घाणेरी शिरलेली आहे. महाराष्ट्राचे सारे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राएवढे जंगल. यात आपली गायराने, पाणंदी, गावठाणाच्या कडा आणि पडीक माळ धरलेले नाहीत.

शेतकऱ्याला हा हिशेब आकड्यांवाचूनही कळतो. जिथे पवन्या, मारवेल, शेडा कापून भारे बांधले जात, तिथे आज शेळीसुद्धा आत शिरत नाही. शेताच्या कडेला दाट जाळी झाली, की रानडुकरांना दिवसा लपायला जागा होते आणि रात्री भुईमूग, मका त्यांचाच.

प्रयोगशाळेत काय सापडले

आता औषधाकडे वळू. यात जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, नाहीतर आपल्या सावधगिरीलाही अर्थ उरणार नाही.

पहिली गोष्ट मुळांची. घाणेरीच्या मुळांत ओलिॲनोलिक आम्ल नावाचे द्रव्य चांगल्या प्रमाणात असते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात त्यावर काम केले. हे द्रव्य चीनमध्ये यकृताच्या विकारांवर गोळीच्या रूपात वापरले जाते. मुळांना भाव येणार ही जी कुजबुज आहे, तिचे बीज इथे आहे.

दुसरी गोष्ट पाल्याची. पाल्यापासून उडणारे तेल निघते आणि प्रयोगशाळेतल्या बशीत ते काही जिवाणू आणि बुरशा मारते. पानांत व्हर्बॅस्कोसाइड नावाचे द्रव्य आहे, त्याचेही जंतुनाशक आणि सूज उतरवणारे गुण अभ्यासले गेले आहेत. जखमेवर पाल्याचा लेप लावण्याची रीत अनेक देशांतल्या खेड्यांत आहे. तिच्यावरही उंदरांवरचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांत जखम लवकर भरून आल्याच्या नोंदी आहेत.

तिसरी गोष्ट डासांची. हरिद्वारच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घाणेरीच्या फुलांचा अर्क खोबरेल तेलात मिसळून अंगाला लावला, तेव्हा डेंग्यू पसरवणाऱ्या जातीच्या डासांपासून ९४ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळाले. पूर्ण संरक्षण मात्र सरासरी दोन तासांच्या आतच संपले.

इथपर्यंत सारे ठीक. पण बशीत जंतू मेला म्हणून माणसाचा आजार बरा होत नाही. बशीतला जंतू उकळत्या पाण्यानेही मरतो, म्हणून उकळते पाणी कोणी पीत नाही. द्रव्य वेगळे काढावे लागते, त्याची मात्रा ठरवावी लागते, जनावरांवर विषबाधेची परीक्षा घ्यावी लागते, मग माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या कराव्या लागतात. घाणेरीच्या बाबतीत या वाटेवरची पहिली काही पावलेच पडली आहेत.

आणखी एक अडचण आहे, ती शेतकऱ्याला लवकर कळेल. सगळी घाणेरी एक नाही. शोभेसाठी संकर करकरून आणलेल्या अनेक जातींचा तो गोतावळा आहे. कोणत्या जातीचे झुडूप, कोणत्या मातीत, कोणत्या हंगामात तोडले, यावर तेलातील घटक बदलतात. बासमतीचा गुण इंद्रायणीत शोधू नये, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग डोंगराच्या या बाजूच्या पाल्याने आलेला अनुभव त्या बाजूच्या पाल्याला कसा लागू करायचा?

खरे औषध कसे होते, याचे उदाहरण आपल्या अंगणातच आहे. सदाफुलीही परदेशीच, मादागास्करची. तिच्या पानांतून काढलेली व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रक्ताच्या आणि इतर कर्करोगांवर वापरली जात आहेत. पण त्यासाठी शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून ग्रॅमच्या हिशेबात द्रव्य काढावे लागते, ते शुद्ध करावे लागते आणि इस्पितळात डॉक्टरच्या देखरेखीखाली शिरेतून द्यावे लागते. सदाफुलीची पाने चावून कर्करोग बरा होत नाही. उलट ती पाने विषारी आहेत.

त्याच पानात विष

घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्ये आहेत. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या पालमपूर केंद्रात डॉ. ओ. पी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे या विषाचा अभ्यास केला. हे विष थेट यकृतावर जाते आणि पित्ताचा मार्ग अडवते. म्हणजे निसर्गाचा खेळ पाहा. मुळात यकृतासाठी दिले जाणारे द्रव्य आणि पानात यकृत खलास करणारे विष, दोन्ही एकाच झुडपात. शिवाय मुळातले ते द्रव्यदेखील जास्त मात्रेत दिले, तर प्रयोगातल्या उंदरांच्या यकृताला इजा झालेली आहे. मात्रा चुकली की औषधाचे विष होते, हा नियम इथेही सुटत नाही.

दुष्काळाच्या वर्षात हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गावची जनावरे घाणेरी ओळखतात आणि टाळतात. पण चारा संपला, नवीन जनावर बाजारातून आणले, किंवा जनावरे दूरच्या रानात नेली, की भुकेपोटी पाला खाल्ला जातो. गाय, म्हैस, मेंढी, शेळी, सगळ्यांना बाधा होऊ शकते. लाल फुलांच्या जाती जास्त घातक समजल्या जातात.

लक्षणे अशी. जनावर चारा सोडते, रवंथ बंद होते, शेण घट्ट होते किंवा थांबते. दोन-तीन दिवसांत डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात. उन्हात उभे केले की जनावर अस्वस्थ होते आणि सावली शोधते. पुढे मुस्कट, कान, सड अशा केस कमी असलेल्या जागची कातडी लाल होऊन भेगाळते आणि सोलून निघते. रक्तात साठलेल्या द्रव्यांमुळे ऊन सोसत नाही, म्हणून असे होते.

अशा वेळी जनावर ताबडतोब अंधाऱ्या गोठ्यात किंवा गर्द सावलीत घ्या आणि पशुवैद्यकीय डॉक्टरला बोलवा. मोठ्या पोटाची हालचाल थांबल्यामुळे खाल्लेला पाला तिथेच पडून राहतो आणि विष रोज थोडे थोडे रक्तात जात राहते. म्हणून डॉक्टर औषधी कोळसा पाजतात आणि सलाईन देतात. वेळेवर उपचार झाला तर जनावर वाचते. वाट पाहत बसलो तर दावणीला बांधलेले पैसे गेले.

जे विष चारशे किलोच्या म्हशीला आडवे करते, त्याच पाल्याचा काढा आपल्या आईला किंवा लेकराला कशाच्या जोरावर पाजायचा? माणसासाठी सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. रानात पिकलेली काळी फळे पोरे तोंडात टाकतात, पण हिरवी फळे खाऊन मुलांना बाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. ही गोष्ट शाळेत सांगायला हवी.

'प्राचीन' औषध, वय दोनशे वर्षे

पुड्या विकणारे एक वाक्य नेहमी बोलतात, की हे आपल्या ऋषिमुनींनी सांगितलेले औषध आहे. घाणेरी या देशात आली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. चरक आणि सुश्रुत यांच्या संहिता त्यापूर्वी दीड हजारांहून अधिक वर्षांच्या. ज्या झुडपाने समुद्रच ओलांडला नव्हता, त्याचे गुण त्यांनी कसे सांगावेत? दोनशे वर्षांत लोकांनी अनुभवाने काही उपयोग शोधले असतील. त्या अनुभवाला किंमत आहे आणि त्याची नोंदही झाली पाहिजे. पण त्याला संहितेचे शिक्कामोर्तब चिकटवणे ही शुद्ध बनवाबनवी आहे.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे आयुर्वेदिक औषध तयार करून विकायला परवाना लागतो. १९५४ च्या जादूटोण्याच्या व आक्षेपार्ह औषधी जाहिरातींच्या कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर औषध असल्याची जाहिरात करणे गुन्हा ठरवले आहे. बाजाराच्या दिवशी कोणी घाणेरीच्या मुळ्या मांडून साखरेवर रामबाण म्हणून विकत असेल, तर त्याच्याकडे परवाना मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आज हाताशी काय आहे

मग घाणेरीचा शेतकऱ्याला काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो पोटात घेण्याचा नाही.

बटाटा साठवणाऱ्यांनी हे करून पाहावे. साठवणुकीत बटाटा पोखरणाऱ्या अळीचा पतंग डोळ्यांवर अंडी घालतो. घाणेरीच्या वाळलेल्या पाल्याचा थर आरणीवर पसरला, तर हा उपद्रव बराच कमी होतो, हे आपल्याकडे प्रयोगांत दिसलेले आहे. आंबेगाव, खेडच्या बटाटा उत्पादकांना आरण नवी नाही आणि पाला फुकटचा आहे. पाला पूर्ण वाळलेला हवा, ओला घातला तर कूज वाढेल. वापरून झालेला पाला जनावरांपुढे टाकू नये.

दशपर्णी अर्क अनेकजण करतातच. त्यात कडुनिंबाचा पाला ५ किलो आणि घाणेरी, निरगुडी, करंज, सीताफळ, रुई वगैरेंचा प्रत्येकी २ किलो पाला २०० लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, मिरची व लसणाच्या ठेच्यासह महिनाभर सावलीत आंबवतात. यात घाणेरीचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढता येत नाही. दहा जण मिळून ओढलेल्या गाड्यात एकाचे बळ मोजण्यासारखे ते आहे. पण बांधावरचा पाला उपयोगी पडतो आणि खर्च वाचतो. दशपर्णी नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, असे मात्र समजू नका. पिंप झाकून ठेवा, पोरांना लांब ठेवा, ढवळायला घरातले भांडे वापरू नका.

खताचेही तसेच. हिरवा पाला थेट रोपांच्या बुडाशी आच्छादन म्हणून घातला, तर उगवण मार खाते. तोच पाला शेणासह नीट कुजवला किंवा गांडुळांकडून खत करून घेतला, तर त्यातली विषारी द्रव्ये मोडतात, असे अभ्यासांत दिसले आहे. फक्त फुले-फळे धरण्यापूर्वी तोडा, नाहीतर खताबरोबर बी शेतात जाईल.

काठ्यांचा धंदा काही ठिकाणी उभा राहिला आहे. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरातल्या सोलिगा आणि इतर समाजांच्या लोकांनी बंगळूरच्या 'अट्री' या संस्थेच्या साथीने काठ्या उकळून, साल काढून खुर्च्या, टेबले, टोपल्या करायला सुरुवात केली. वेत महाग झाला तिथे घाणेरीने जागा भरून काढली. निलगिरीच्या कारागिरांनी घाणेरीच्या काठ्यांचे पूर्ण आकाराचे हत्ती केले आणि ते २०२१ मध्ये लंडनच्या उद्यानांत मांडले गेले. औषधाच्या गप्पांपेक्षा या कामात आजच्या आज जास्त मजुरी आहे.

भाव कोणाला मिळतो?

आता मुद्द्याची गोष्ट. औषधी वनस्पतींच्या लागवडीचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. २००० नंतरच्या वर्षांत सफेद मुसळी आली. पाठोपाठ कोरफड आणि मोगली एरंड आले. प्रत्येक वेळी चाल एकच होती. आधी बेणे किंवा रोपे महाग विकायची, माल परत घेण्याचा कागद करून द्यायचा, आणि माल तयार झाला की खरेदीदाराचा पत्ता लागत नाही. पीक विकून पैसा झाला असे शेतकरी थोडे. बेणे विकून पैसा केलेले मात्र पुष्कळ. घाणेरीची तर रोपे विकायची गरज नाही, म्हणून इथे 'प्रशिक्षण', 'नोंदणी' आणि 'अर्क काढण्याचे यंत्र' विकले जाईल. पैसा कोणत्या दिशेला वाहतो ते बघा. खरा खरेदीदार आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही.

मुळांचा भाव किती असायला हवा, हे काट्यावर ठरवता येते. एका माणसाने दिवसभर टिकाव-पहार घेऊन मुळे खणावीत, धुवावीत, वाळवावीत आणि तोलावीत. समजा वाळून १२ किलो भरली आणि मजुरी ३६० रुपये धरली, तर किलोला ३० रुपये नुसता खणण्याचा खर्च झाला. पोती, वाहतूक, तूट वेगळी. याच्या खाली भाव सांगणारा आपल्या घामावर नफा काढतो आहे. आणि वरचा भाव कुठवर जाईल? ओलिॲनोलिक आम्ल फक्त घाणेरीत नाही. लवंगेत आहे, तुळशीत आहे, ऑलिव्हच्या पाल्यात आहे. कारखानदार स्वस्त मिळेल तिथून घेईल. तेव्हा घाणेरीच्या मुळांवर कोणाची मक्तेदारी होईल आणि भाव आकाशाला भिडतील, हे स्वप्न कोणी पाहू नये.

कोणी खरेदीदार गावात आला, तर ग्रामसभेत चारचौघांसमोर त्याला पुढील प्रश्न विचारा :

१. माल कोणत्या कारखान्यात जाणार? त्या कारखान्याचा औषध परवाना कोणता?
२. पाला हवा की मूळ? कोणत्या रंगाच्या फुलांच्या जातीचा? ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याला मालाची पारख नाही.
३. वजन ओले की वाळलेले? ओलावा कोण मोजणार आणि कशाने?
४. पैसे रोख की उधार? उधार असेल तर हमी काय?
५. आमच्याकडून नोंदणी, प्रशिक्षण, यंत्र यांपैकी कशाचेही पैसे घेणार का?
६. मुळे काढून झाल्यावर पुढच्या वर्षी काय घेणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खरेदी चालू राहावी असे ज्याला वाटते, त्याला घाणेरी संपायला नको असते. किलोवर पैसे मिळू लागले की खणणारासुद्धा चार झुडपे पुढच्या हंगामासाठी राखून ठेवतो. त्याला दोष देता येत नाही, व्यवस्थाच तशी लावलेली असते. म्हणून मजुरी किलोवर असता कामा नये. किती जमीन मोकळी झाली आणि तिच्यावर दुसऱ्या वर्षी गवत उभे राहिले की नाही, यावर ती दिली पाहिजे. मुळे, काठ्या, पाला विकून जे येईल ते वरकड उत्पन्न.

मग करायचे काय?

काढण्याची रीत आधी सांगतो. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली पद्धत सोपी आहे. वर छाटत बसायचे नाही. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उपटून तिथेच उलटे, मुळे आभाळाकडे करून ठेवायचे. खुंटाला फूट येते ती मूळ आणि खोड यांच्या सांध्यातून. तो सांधाच निघाला की फूट बंद. काम फळे धरण्यापूर्वी करायचे. मोकळ्या जमिनीवर पहिल्याच पावसाळ्यात गवताचे बी टाकायचे, नाहीतर घाणेरीचीच रोपे पुन्हा दाट उगवतात. पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची काही वर्षे फिरून रोपटी उपटायची. मुळे विकायची असतील तर मात्र ती खोल खणावी लागतात. तेव्हा उतारावर सलग पट्टा खणू नका. माती वाहून जाईल. टप्प्याटप्प्याने, आडव्या पट्ट्यांत काम करा.

सरकारकडे आपल्या मागण्या अशा :

पहिली, गायराने आणि सामूहिक वनजमिनीवरील घाणेरी काढणे हे रोजगार हमीचे काम म्हणून दरवर्षी मंजूर व्हावे आणि त्यात पुढच्या वर्षांची निगराणी धरलेली असावी. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे जड नाही.

दुसरी, जंगलातून घाणेरी उचलण्याचा अधिकार ग्रामसभेचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, मुळे, झुडपी लाकूड आणि खुंट यांना गौण वनोपजात धरले आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक स्वतःच्या हाती घेतले. बांबूला जे लागू, ते घाणेरीला का नाही? ठेकेदार मधे आला तर मजुरी मजुराला आणि मलई ठेकेदाराला, हे ठरलेलेच.

तिसरी, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी ज्या समित्या कागदावर आहेत, त्यांनी घाणेरीच्या लोकोपयोगांची नोंद करावी. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातल्या काही अटी सैल झाल्या आहेत. म्हणूनच गावाची नोंद गावाकडे असणे जास्त गरजेचे झाले आहे. उद्या खरोखरच औषध निघाले, तर हे आमच्या रानातले आहे, हे सांगायला कागद हवा.

चौथी मागणी शास्त्रज्ञांकडे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांनी आणि नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाने मिळून महाराष्ट्रातल्या घाणेरीच्या जातींची पाहणी करावी. कोणत्या भागात कोणती जात, कोणत्या जातीत विष किती, मुळात द्रव्य किती. हे काम खासगी कंपनी शेतकऱ्यासाठी करणार नाही. केले तरी आपल्याला सांगणार नाही. साठवणुकीतल्या पाल्याची आणि अर्काची चाचणीही शेतकऱ्यांच्या शेतावर व्हावी आणि निकाल मराठीत छापले जावेत.

शेतकरी भावांनो, औषध निघेल तेव्हा निघेल. त्याची वाट पाहत गायराने घाणेरीच्या ताब्यात ठेवली, तर आपली पोरे गवत कशाला म्हणतात तेही विसरतील. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत : गायरान किती एकर, त्यात घाणेरीखाली किती, आणि एका दिवसात एका माणसाने किती जागा मोकळी केली. पन्नास गावांचे हे आकडे एका कागदावर आले, की जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायला निवेदन तयार झालेच म्हणून समजा. टिकाव-पहारी मात्र त्याआधीच बाहेर काढा. फुलोरा थांबत नाही.